जाळीतला पेंढा

डिसेंबर १९७४, रविवार सकाळ. नव्या रेडिएटरसाठी साडेतीनशे रुपये घेऊन मी तापलेली जीप चौक गावच्या मिस्त्रीकडे नेली. पैसे लेकीच्या लग्नातल्या शालूसाठी ठेवलेले, म्हणून बायकोही सोबत आली.

मिस्त्री नेहमीप्रमाणे निवांत. "आधी चा प्या, दादा. तापलेल्याचं झाकन उघडू नये, गाडी असो नायतर मानूस."

गाडी निवल्यावर त्याने रेडिएटरच्या जाळीतून एक काडी ओढली आणि हुंगली. "भाताची मळनी जीपनं केलीत ना?"

"बैल आजारी होता," मी म्हणालो.

"बैलाला पेंढा पचतो. हिला नाय पचत."

बायको पदराआड हसली. त्याने मागून पाण्याची धार मारली, पसाभर पेंढा निघाला. विकायचा नवा रेडिएटर फळीवर होता. तिकडे त्याने पाहिलंही नाही.

पाच रुपये मिस्त्रीला दिले. तीनशे पंचेचाळीस बायकोने मोजून घेतले.