लेक जिथं जन्मली तो डोंगा

माझी लेक पैनगंगेच्या पुरात, एका सागवानी डोंग्यात जन्मली. मी तेव्हा रिसोड तालुक्यात, नदीकाठच्या एका गावी नर्स होते. पूल नव्हता. पलीकडच्या वस्तीवर जायचं तर एका भोईणीच्या डोंग्यातून. तिचा नवरा दम्यानं खाटेला लागलेला, म्हणून वल्हं तिनंच हाती घेतलेलं. सारं गाव तिला मावशी म्हणायचं, मीही.

त्या दिवशी एका बाळंतिणीला बघून परत येत होते आणि माझ्याच कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरले नव्हते. पाणी चढत होतं. मावशीनं डोंगा पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळीशी नेला, दोरीनं बांधला आणि पदर खोचला.

“तू साऱ्या गावाचे बाळंतपनं केले, आता तुयं मी करतो. काय करू थे फक्त सांगत राह्य.”

मी कळा देत सांगत गेले, ती करत गेली. नाळ कापायचं सामान माझ्याच पिशवीत होतं. लेक रडली तेव्हा मावशी माझ्याहून मोठ्यानं रडली.

पुढं पूल झाला, माझी बदली मानोऱ्याला झाली, मग कारंजाला. निवृत्तीनंतर लेकीला घेऊन मावशीकडे गेले. डोंगा घरामागे उपडा पडलेला, तळाच्या फळ्या कुजलेल्या.

“आता चुलीत घालतो त्याले,” मावशी म्हणाली. “पाणी तापवाले कामी येईन.”

“आजी, नका जाळू,” लेक म्हणाली. “आम्ही नीट करतो.”

“कायले? पुलावरून मोटारी चालून राह्यल्या.”

तरी तिनं हो म्हटलं. केनवडहून सुतार आणला. त्यानं कुजकं काढून नव्या फळ्या बसवल्या, राळेत भिजवलेल्या कापसाच्या वाती पटाशीनं फटींत ठोकल्या. जुनं डांबर खरडायचं काम आम्हा मायलेकींचं. हाताला फोड आले. पण डांबराखालून मधाच्या रंगाचं सागवान निघालं, तेव्हा लेक पॉलिश पेपर टाकून नुसती बघत बसली. मावशीला मोतीबिंदूनं नीट दिसत नाही. ती रोज बाजेवरून उठून लाकडावर हात फिरवायची. एकदा लेकीचा हात धरून तिनं मधल्या आडव्या फळीवर ठेवला.

“इथं तुयी माय टेकली होती. लय घाबरली होती, पण डोकं शाबूत ठेवलं तिनं.”

मी म्हणाले, “मावशी, तुम्ही नसता तर आम्ही दोघी नसतो.”

“अन् तू सांगतलं नसतं तर मले काय समजत होतं?” ती म्हणाली आणि जवसाच्या तेलाचं फडकं माझ्या हाती दिलं. “लाव इथं, सुकं राह्यलं.”

तेलाचे हात चढत गेले तसं लाकूड उजळत गेलं. दिवाळी झाल्यावर तिच्या पुतण्यांनी डोंगा नदीत उतरवला. लगेच आत पाणी झिरपायला लागलं. “पाणी शिरतंय!” मी ओरडले. मावशी काठावरून हसली.

“पेऊ द्या त्याले. लय वर्साचं तहानेल हाय. फुगलं की फट मिटते.”

दुसऱ्या दिवशी खरंच फटी मिटल्या होत्या. पुतण्यांनी तिला उचलून आत बसवलं, मागोमाग आम्ही दोघी. मधल्या संथ पाण्यात तिनं वल्हं मागितलं. दोन-चार हात मारले, दम लागला, मग लेकीकडे दिलं.

“मार हळू. पाण्याशी भांडू नको.”

लेकीच्या हातानं डोंगा गोल फिरला. मावशी खळखळून हसली, आणि आम्हीही.