वाटीतला पेढा

सासूबाईंच्या तेराव्याला पेढ्यातल्या वेलदोड्याचा वास आला आणि महाडमधलं माझं डोहाळजेवण आठवलं. मी अंगाने जाड होते, पायावरचं गळू भरत नव्हतं. लघवी तपासून डॉक्टर म्हणाले होते, साखरेमुळे जखमेशी झुंजायची अंगातली ताकद गेलीय. गोड खाल्लंत तर बाळालाही धोका. हे फक्त सासूबाईंना ठाऊक होतं. झाकलेल्या दोन वाट्यांतली मी उघडली तीत पेढा निघाला. "मुलगाच हाय गो, खा," बायका म्हणाल्या. आजार सांगायची लाज वाटून मी पेढा उचलला, तोच सासूबाईंनी हातातून घेऊन खाल्ला. "सासूलाच डोहाळे लागले गो," शेजारीण हसली. "लागले तर लागले," त्या म्हणाल्या. मी मान खाली घालून गप्प राहिले. पुढे मुलगा सुखरूप झाला. परवा तेराव्याला तीच शेजारीण म्हणाली, "म्हातारीला गोडाची भारी हाव." तेव्हाही मी गप्पच राहिले.