खुंटीवरचा पोशाख

त्या पोशाखाला स्वतःची खोली होती. थंडगार हवेची, दाराला दोन कुलपं असलेली, आणि आत एक बाई, जिने दिवसभर डोळ्यांत तेल घालून पोशाखाकडे बघायचं. सेटवर सगळे तिला 'पोशाखाची आया' म्हणत. सिनेमात आजवर कुणी घातला नसेल इतका जड आणि इतका महाग पोशाख, असं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. मागचा घोळ इतका लांब, की नवरी दारातून बाहेर पडून पायऱ्या उतरायला लागली तरी घोळ आपला आतल्या खोलीतच. अंगभर खरे मोती. आता मोती खरे की काचेचे, हे पडद्यावर कुणाला कळणार होतं, देव जाणे! पण खोटे लावले तर विक्रम कसा व्हायचा?

सिनेमाचं सगळंच तसं. गोष्ट एका फुटबॉलपटूची. एका क्लबाने त्याला जगात आजवर कुणासाठी मोजली नाही एवढी किंमत मोजून घेतलेलं, आणि मग त्याचं लग्न. लग्नाची मोटार अशी, की तिची जोडी जगात नाही. ती चालवायची नसे, चार माणसं हातमोजे घालून ढकलत आणत. चालवली तर किंमत उतरते म्हणे. पायाला चाकं लावून जन्माला आली आणि बिचारीला चालायची चोरी! मैदानावरचं गवतसुद्धा विमानातून आलं होतं. मोठ्यांची कामं, आपण काय बोलावं?

या सगळ्या थाटाच्या मधोमध, त्या पोशाखाच्या आत, खुंटी उभी असायची.

खुंटी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. सेटवरच्या लाइटमन काकांनी ते ठेवलं होतं, आणि चिकटलं ते चिकटलंच. तिची उंची हिरॉइनएवढी, बांधा हिरॉइनसारखा, वर्णही तोच. दृश्य घ्यायच्या आधी दिवे लावायला फार वेळ जातो. तेवढा वेळ हिरॉइन कशाला उभी राहील? तिच्या जागी ही उभी राहायची. जमिनीवर रंगीत पट्टीची खूण, त्या खुणेवर पाय. मान डावीकडे कर. हनुवटी खाली. हसू नकोस, दातांवर उजेड येतो. दिवे मनासारखे बसले, की सहायक ओरडायचा, "मॅडम आल्या!" की ही डावीकडे सरकायची. डावीकडेच, कारण उजवीकडे कॅमेऱ्याच्या वायरी. हिरॉइन येऊन त्याच खुणेवर उभी राहायची, आणि मग कॅमेरा सुरू. अख्खी उमेदवारी आणि अख्खं तारुण्य खुंटीने असं उभ्या उभ्या घालवलं, आणि कॅमेरा चालू असताना ती एकदाही त्या खुणेवर नव्हती.

साध्या सिनेमात तिच्या अंगावर तशाच रंगाचं काहीतरी स्वस्तातलं चढवत. इथे ते चालेना. खऱ्या मोत्यांवर उजेड कसा पडतो ते खऱ्या मोत्यांवरच बघायला हवं ना! म्हणून खरा पोशाख तिच्या अंगावर. आणि तो घातला की बसायचं नाही, टेकायचं नाही, पाणी प्यायचं नाही, नाक खाजलं तरी आयाला सांगायचं, ती कापसाने पुसणार. हिरॉइन यायची, डोळे मिटून उघडावेत तेवढा वेळ तो घालायची आणि 'माझी पाठ मोडली' म्हणून खुर्चीत कोसळायची. जगातला सगळ्यात महागडा पोशाख सगळ्यात जास्त वेळ जिच्या अंगावर होता, तिच्या पाठीचं कुणी विचारलं नाही.

लोक अगदी जवळ यायचे, वाकून बघायचे, "अप्रतिम! काय देखणं काम आहे!" म्हणायचे. बोलायचे ते तिच्या छातीवरच्या मोत्यांशी. वर एक चेहरा आहे, त्याला कान आहेत, हे कुणाच्या गावीही नसे. पोशाख उतरवून होईपर्यंत सगळ्यांची जेवणं उरकलेली. मग ती त्या मोटारीमागे भिंतीकडे तोंड करून आपला डबा खायची. एकदा दमून मोटारीला जरा टेकली, तर मोटारीचा पहारेकरी धावत आला. तिला त्या दिवशी फार एकटं वाटलं. दोनशे माणसांच्या सेटवर एकटं वाटणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं.

घरी आई होती. दोन खोल्या, तिसरा मजला, आणि खिडकीपाशी आईची खुर्ची. धाकटा भाऊ परदेशात, त्याचा फोन सणासुदीला. आईच्या दोन्ही डोळ्यांना असा रोग लागला होता, की नजरेच्या मधोमध काळा डाग. समोरचं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, मधलं गेलं ते गेलं, कडेचं किती दिवस राहील तेही सांगता येत नाही. तेव्हापासून आई कोंबडीसारखी मान वाकडी करून टीव्ही बघायची. शेजारच्या मावशी जिन्यात आल्या तरी चेहरा दिसायचा नाही, पण चालीवरून ओळखायची, "काय हो, गुडघा पुन्हा धरला वाटतं?"

सिनेमा टीव्हीवर लागला की मायलेकींचं ठरलेलं.

"यात आहेस का तू?"

"ती उभी आहे ना, तिथे मी उभी होते."

"कधी?"

"तिच्या आधी."

"म्हणजे नाहीस," आई म्हणायची. "इतकी वर्षं सिनेमात आहे म्हणतेस, मी मेलीने तुला एकदा पाहिलं नाही. डोळे पुरते जायच्या आत दाखव हो."

आई काही टोचून बोलत नव्हती, पण टोचायचं. खुंटीला दुसरं काही नको होतं. नाव नको, टाळ्या नकोत. आईचे डोळे आहेत तोवर आईला एकदा दिसायचं, एवढंच.

आणि एक दिवस घोडं गंगेत न्हालं. पोशाख बनवणाऱ्यांकडे परत जायच्या आदल्या दिवशी दिग्दर्शक बोलता बोलता थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. मोत्यांकडे नव्हे, तिच्याकडे. "अरे, सुरुवातीलाच एक छोटं दृश्य घेऊ या. शिंप्याच्या दुकानात एक बाई हा पोशाख घालून उभी आहे. नवरी आत येते, बघते आणि म्हणते, हाच! ती बाई तू. चेहरा घेऊ तुझा. जमेल ना?"

आता यात न जमण्यासारखं काय होतं? नुसतं उभं तर राहायचं! जन्मभर दुसरं केलं काय होतं तिने? "जमेल," ती म्हणाली, आणि त्या दिवशी डबा न खाताच घरी आली.

आईचा तर पाय जमिनीवर ठरेना. "चेहरा दिसणार? नक्की? पूर्ण?" मग शेजारच्या मावशींना हाक. "ऐकलंत का हो! आमची खरोखर सिनेमात आहे!" मावशींनी कधीच ऐकलं होतं, भिंत पातळ होती.

दुसऱ्या दिवशी खुंटी खुणेवर उभी राहिली. लाइटमन काका कधी नव्हे ते जवळ आले, तिच्या गालावर पडलेली सावली बघून दिवा वळवला. "आज तुझ्यासाठी लावतोय हां, खुंटे." तिचे डोळे भरून आले, आया कापूस घेऊन धावली.

सहायक ओरडला, "कॅमेरा!"

आणि खुंटी डावीकडे सरकली. सगळा घोळ ओढत, शिस्तीत, उजेडाच्या बाहेर जाऊन उभी राहिली. क्षणभर कुणाला काही कळलंच नाही, मग सेटवर हशा पिकला. ती लाजून चूर झाली. परत खुणेवर आली. पावलं जमिनीत रोवल्यासारखी घट्ट दाबून धरली आणि मनात घोकत राहिली, हलायचं नाही, हलायचं नाही.

"कॅमेरा!" ती हलली नाही. एक, दोन, मोतीसुद्धा हलला नाही. मग दुकानाचं दार उघडून हिरॉइन आत आली, बरोबर त्याच उजेडात, खुणेच्या दिशेने. मॅडम आल्या. झालं. खुंटीचे पाय तिला न विचारता निघाले. डावीकडे. दिव्याची कड ओलांडून ती अंधारात गेली, आणि गेल्यावर तिला कळलं की आपण गेलो.

"पुन्हा घेऊ," दिग्दर्शक म्हणाला. पण हिरॉइनच्या विमानाची वेळ झाली होती, पोशाखाला न्यायला बंदूकधारी पहारेकरी आले होते. विमान थांबेना आणि पहारेकरीही. "असू दे, असू दे. करू काहीतरी," म्हणत दिग्दर्शक निघून गेला. काकांनी एकेक दिवा मालवत आणला. "जित्याची खोड," एवढंच म्हणाले, पुढचं बोलले नाहीत.

खुंटीने घरी काही सांगितलं नाही. "झालं का गं?" आईने विचारलं. "झालं," ती म्हणाली. पुढचे महिने तिला जेवण गोड लागेना. आईने टीव्ही बघणं सोडलं, मान कितीही वाकडी केली तरी चित्र सापडेना म्हणाली. पण रोज विचारायची, कधी येतोय गं तुझा सिनेमा? तुझा सिनेमा!

शेवटी आला. दुपारचा खेळ. आईने ठेवणीतले कपडे काढले. थिएटरभर त्या पोशाखाचे, त्या मोटारीचे माणसाहून उंच फोटो. आता आई विचारणार, कुठे आहेस? आणि आपण सांगणार, तिच्या आधी.

दोघी बसल्या. आई आज सरळ समोर बघत होती. "मान वाकडी कर ना आई, दिसेल तरी."

"चारचौघांत बरं दिसत नाही ते," आई म्हणाली.

दिवे गेले. थोड्या वेळाने शिंप्याचं दुकान आलं. खुंटीने हातातला रुमाल पिळला. पडद्याच्या मधोमध हिरॉइन दार उघडून आली, हसली, डोळे मोठे केले. त्या डोळ्यांसाठीच दिग्दर्शकाने ते दृश्य ठेवलं असणार. आणि पडद्याच्या पार कडेला एक पाठमोरी होत चाललेली बाई, मोत्यांवर शेवटचा उजेड, अर्धा चेहरा, मग अंधार. एवढंच. अख्ख्या थिएटरात तिकडे कुणाचं लक्ष असेल तर शपथ! खुंटीलाही ती आपणच आहोत हे कळेपर्यंत दृश्य संपलं होतं.

"ही बघ! ही तू!" आई मोठ्याने म्हणाली. पुढच्या रांगेतून कुणीतरी शूऽऽ केलं.

"कुठे?" खुंटीनेच विचारलं.

"अगं, ती कडेला! अंधारात गेली ती. मधे कोण होतं मला नाही दिसलं, मधे नुसता डाग. पण ती तूच. चाल ओळखते मी तुझी." मग आईने तिच्याकडे तोंड केलं. "पण सरकलीस का गं? थांबायचं होतंस की. कुणी सरक म्हणालं का तुला?"

"नाही."

"मग?"

"सवय गं, आई."

पडद्यावर तो जगातला सगळ्यात महाग फुटबॉलपटू गोल मारत होता, लोक शिट्ट्या वाजवत होते. आई पुटपुटली, "मीच म्हणायचे तुला. सरक गं, भावाला बसू दे. सरक गं, पाहुण्यांना बसू दे." खुंटीला हुंदका फुटला. तिने तो रुमालात दाबला.

तेवढ्यात रांगेतून एक उशिरा आलेला माणूस बायकोला घेऊन वाकत वाकत आला. खुंटीच्या एका बाजूची खुर्ची रिकामी होती, आणि आईच्या पलीकडची एक. "ताई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही त्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर सरकता का? म्हणजे आजी तुमच्या जागी आल्या की आम्हा दोघांना शेजारी बसता येईल."

"हो, हो," खुंटी म्हणाली, आणि अर्धी उठलीसुद्धा.

आईने अंधारात चाचपडत तिचं मनगट धरलं. धरलं ते असं, की बांगडी रुतली.

"नाही सरकायची ती," आई म्हणाली. "दुसरीकडे बघा."

तो माणूस कुरकुरत मागच्या रांगेत गेला. खुंटी खाली बसली आणि सिनेमा संपेपर्यंत जागची हलली नाही.