दुधाचं आडनाव

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. निवृत्तीनंतर दोनदा आठवणी लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा रुग्णालयाची नवी इमारत, लिफ्ट, संगणक यांच्यावर पानं भरली. नवजात विभागाशी आलो की पेन ठेवून द्यायचो. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या सिस्टर आता हयात नाहीत. म्हणजे आता लिहिणं सोपं झालं. माझं धैर्य हे असंच आहे.

पुण्यात कसबा पेठेजवळच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी प्रशासकीय अधिकारी होतो. सिस्टर तिथे परिचारिकांना शिकवायच्या. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं आईच्या दुधावर जगवायची, हे त्यांचं काम. दूध हातानं कसं काढायचं, बोंडल्यानं थेंब थेंब कसं पाजायचं, बाळाला पदराखाली उघड्या छातीशी कसं धरायचं, हे त्या शिकाऊ मुलींना आणि बाळंतिणींना सारख्याच करड्या आवाजात सांगायच्या. कुणी दुधाची बाटली आणली की म्हणायच्या, "घरी न्या. तेल ठेवायला बरी आहे."

एखादीला दूध येत नसेल तर तिच्या बाळाला दुसरीचं जास्तीचं दूध मिळे. देणारीचं रक्त तपासलेलं असे, दूध तापवून निववलेलं. डबीवर फक्त खाटेचा नंबर. हडपसरपलीकडच्या गावची एक बाई तेव्हा सर्वांत जास्त दूध देई. "लय हाय, सिस्टर. सांडण्यापरीस लेकरांना द्या," म्हणे.

शहरात आयटी कंपन्या येत होत्या. अशाच एका कंपनीतल्या इंजिनिअरचा मुलगा सातव्या महिन्यात जन्मून आमच्याकडे होता. त्याची बायको तापानं फणफणलेली. तो माझ्या खोलीत आला. "सर, माझा स्वतःचा काही इश्यू नाही. पण घरी आई विचारते, दूध कोणाचं. सोर्स कळायला हवा ना?"

त्याच्या कंपनीशी आमच्या रुग्णालयाचा कर्मचाऱ्यांच्या आरोग्य तपासणीचा करार व्हायचा होता. मी सिस्टरना बोलावून सांगितलं, यापुढे डबीवर आईचं पूर्ण नाव लिहायचं.

"नंबर आहे ना, साहेब."

"आडनावही असू द्या. उद्या काही झालं तर?"

"आडनाव कोणाला हवंय, तेवढं सांगा."

मी कायद्याचं काहीतरी बोललो. खरं असं की ते मलाही हवं होतं. सिस्टर येरवड्याच्या, बौद्ध घरातल्या. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्याच दिवशी मी आडनावावरून ओळखलं होतं. माणसाबद्दल ही माहिती मला आधी लागे. ती मिळाली की मी अगदी नीट वागायचो, आणि त्या नीट वागण्याचा मला अभिमान होता.

नावं लिहायला लागल्यावर काही डब्या फ्रीजमध्ये तशाच राहू लागल्या. आडनाव वाचून नातेवाईक "राहू द्या" म्हणत. वाद नको म्हणून शिकाऊ मुलीही दुसरी डबी उचलत. उरलेलं दूध मोरीत जाई. त्या गावाकडच्या बाईनं ते पाहिलं आणि सिस्टरना विचारलं, "माजं दूध नासतंय व्हय?" सिस्टरनी काय उत्तर दिलं, मला माहीत नाही. ती दूध द्यायची थांबली. मग तिच्यासारख्या इतरही थांबल्या.

इंजिनिअरनं आपलं बाळ एका नव्या खासगी रुग्णालयात हलवलं. करारही झाला नाही. नियम मात्र राहिला.

विभागात एका गवंड्याची मुलगी होती. तिची आई बाळंतपणात गेलेली. मुलगी या दुसऱ्यांच्या दुधावरच तग धरून होती. फ्रीज रिकामा झाल्यावर तिला डब्याची पावडर सुरू केली. तिचं पोट फुगलं आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले, अशी बाळं जातात. जातातही. ते वाक्य मी पुढे पुष्कळ वर्षं वापरलं.

सिस्टर भांडायला आल्या नाहीत. त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्या सेवाभावावर मीच भाषण केलं, आणि चांगलं केलं.

निवृत्त झाल्यावर एकदा मी हडपसरला गेलो. तिथल्या नर्सिंगच्या शाळेत त्या शिकवत होत्या. वर्ग नुकताच सुटला होता आणि त्या सरावाची बाहुली कापडात गुंडाळत होत्या.

"साहेब, तुम्ही? घरी बाळ आलंय का कोणाचं?"

"नाही, सहज आलो."

"पुण्यात सहज कोणी कोणाकडे जात नाही," त्या म्हणाल्या आणि चहा सांगितला.

मी चहा प्यायलो. हवेबद्दल बोललो, हडपसर किती वाढलंय त्याबद्दल बोललो. त्या ऐकत होत्या, आणि थांबल्या होत्या. त्या कशासाठी थांबल्या आहेत हे मला नीट कळत होतं. चूक माझी होती, ती मुलगी माझ्यामुळे गेली, एवढंच म्हणायला मी तिथवर आलो होतो. कप खाली ठेवला आणि विचारलं, "इथून मनपाची बस कुठं मिळते?"

त्या उठल्या आणि खिडकीतून थांबा दाखवला.