तिसऱ्या भोकामागची तार

बिल्डरनं आम्हाला फसवलं. मला एकट्याला नाही, पुनावळ्यातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला. भिंतीतल्या प्रत्येक सॉकेटला त्यानं तीन भोकं दिली आणि तार दोन भोकांच्याच मागं ओढली. तिसरं, अर्थिंगचं भोक नुसतं दाखवायला. हे कळलं ते मुलीच्या कॉम्प्युटरला मी तीन स्क्रीन जोडले म्हणून. जोडले नसते तर अजूनही कळलं नसतं.

मी सहजासहजी फसणारा माणूस नाही. भोसरीला पत्रा दाबायच्या प्रेसवर हेल्पर म्हणून लागलो, आज महाळुंग्यात माझं स्वतःचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. भाव पटला नाही तर पत्र्याची भरलेली गाडी मी गेटवरून परत पाठवतो. फ्लॅट घेतानाही बिल्डरच्या ऑफिसातून मी उठून चालू लागलो होतो, आणि त्यांनी जिन्यातून परत बोलावलं होतं. "तुमच्यापुढं हात टेकले राव," असं त्यांचा माणूस हसत म्हणाला, तेव्हा मला वाटलं मी जिंकलो. ते हसणं आता डोळ्यांसमोरून जात नाही.

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात आमच्याकडं आली. सासर मारुंजीला, म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण रीत ती रीत. गाड्यांच्या पार्टची ड्रॉइंग तपासायचं तिचं काम, आणि कंपनीनं घरून करायला परवानगी दिलेली. लॅपटॉपवर वाकून तिची मान आखडायची. मग तिचा लग्नाआधीचा डेस्कटॉप मी माळ्यावरून काढला. एक मॉनिटर घरात होता, तिला आणखी दोन हवे होते. एकावर ड्रॉइंग, एकावर मापं, एकावर मीटिंग.

आयटी कंपन्यांतून निघालेले मॉनिटर विकणारे एक चाचा चिंचवडला आहेत. मी त्यांच्याकडं अख्खी दुपार बसलो. प्रत्येक मॉनिटर पांढरा करून डाग बघितला, काळा करून कडा बघितल्या, लोखंडी स्टँड हलवून बघितले. भाव तोडला आणि वर केबलीही फुकट मागितल्या. चाचा म्हणाले, "शेठ, आता हे टेबल पण घेऊन जा, मी उभा राहून धंदा करतो." दोघंही हसलो.

रविवारी आम्ही बापलेकींनी ते जोडले. कॉम्प्युटरच्या मागं जागा दोनच, म्हणून तिसऱ्यासाठी कन्व्हर्टर आणावा लागला. तिन्ही चालू झाले, पण माउस डावीकडं नेला की बाण उजवीकडच्या स्क्रीनवर निघायचा. "बाबा, ह्याला वाटतंय उजवा स्क्रीन डावीकडं आहे," ती म्हणाली आणि सेटिंगमध्ये जाऊन तिनं तिन्ही चौकोन ओढून ओळीत लावले. मधला ठेंगणा होता, त्याच्याखाली तिची कॉलेजची पुस्तकं सरकवली. मग एक चित्र तिन्हींवर पसरवून दाखवलं, आणि आम्ही नवराबायको बघत उभे राहिलो. सगळ्यांच्या पिना एकाच एक्स्टेंशन बोर्डात होत्या. माझी टाच दुखते, म्हणून मी घरातही रबरी चपला घालतो. तिचे पाय सुजलेले, कुठलीच चप्पल चढत नव्हती. ती खुर्चीत बसून अनवाणी पाय फरशीवर टेकवायची.

थोड्या दिवसांनी ती म्हणू लागली की हाताला मुंग्या येतात. बायकोनं सांगितलं, या दिवसांत येतातच, तुझ्या वेळी मलाही यायच्या. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सुजेमुळं मनगटातली शीर दबते, म्हणे. रात्रीचा पट्टा दिला. मुलगी पट्टा बांधून झोपायची आणि सकाळी पुन्हा त्या टेबलाशी बसायची. आम्ही तिघं, वर डॉक्टर, आणि एकानंही विचारलं नाही की मुंग्या नेमक्या येतात कधी.

मग ती दुपार. बायकोनं नुकतीच फरशी पुसली होती. मुलगी ओल्या फरशीवरून आली आणि बाजूचा मॉनिटर स्वतःकडं वळवायला तिनं लोखंडी स्टँड धरला. मी जेवत होतो. तिचा आवाज असा आला की मी ताटावरून तसाच उठलो. ती खुर्चीच्या कडेवर आदळून बसली होती, एक हात पोटावर, दुसरा हवेत धरलेला, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. इतकं सुचलं. ती रडत नव्हती. पोटावरचा हात फिरवत होती, थांबत होती, पुन्हा फिरवत होती.

"आई, बाळ हलत नाहीये."

हॉस्पिटलपर्यंत मी गाडी कशी नेली ते मला आठवत नाही. हायवेखालच्या सिग्नलला एका टेम्पोवाल्याला मी शिव्या दिल्याचं बायको सांगते. आत तिच्या पोटाला पट्टे बांधून मशीन लावलं. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभा. आयुष्यात मी सगळ्यांशी घासाघीस केली, तिथं कुणाशी करायची ते कळेना. माझ्या हाताला जेवणाचं वाळलेलं वरण होतं आणि नळ समोर असून तो धुवायची हिंमत होत नव्हती. वाटत होतं, मी इथून हललो की आतून कुणीतरी येऊन काहीतरी सांगेल. मग आतून ठोके ऐकू आले, घोडा पळावा तसे. बायको बाहेर आली आणि पदरात तोंड घालून बाकावर बसली. बाळ ठीक होतं. डॉक्टर म्हणाले, ती नशीबवान आहे. तो शब्द मला अजिबात आवडला नाही. नशिबावर मी कधी व्यवहार केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मॉनिटर काखेत मारून मी चाचांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकांसमोर त्यांना वाटेल ते बोललो. म्हाताऱ्यानं मॉनिटर आपल्या सॉकेटला जोडला, चपला काढल्या आणि फरशीवर उभं राहून स्टँड मुठीत धरला. काही झालं नाही. मग मी चपला काढून धरला. काही झालं नाही.

"शेठ, इथं चावत नाही," चाचा म्हणाले. "तुमच्या घरात चावतो."

मॉनिटर परत गाडीत टाकून मी घरी निघालो. मॉनिटर खराब असता तर बरं झालं असतं. तो फेकता आला असता.

शेडवर मशीन बसवायच्या आधी मी अर्थिंगचा खड्डा खणून घेतो, त्यात मीठ-कोळसा घालतो, उन्हाळ्यात पाणी ओततो. त्यामुळं काय बघायचं ते मला ठाऊक होतं. बल्बच्या होल्डरला दोन तारा जोडून घेतल्या. कॉम्प्युटरमागच्या भिंतीतल्या सॉकेटात एक फेजमध्ये, एक न्यूट्रलमध्ये घातली, बल्ब लागला. दुसरी तार काढून अर्थिंगच्या भोकात घातली, बल्ब लागला नाही. मेन स्विच बंद करून मी भिंतीतला तो बोर्ड उघडला. अर्थिंगच्या पिनेला हिरवी तार होती. मी ती ओढली आणि ती हातात आली. वीतभर तुकडा. एका टोकाला व्यवस्थित स्क्रू आवळलेला, दुसरं टोक भिंतीत नुसतं खुपसलेलं.

कॉम्प्युटर असो की मॉनिटर, प्रत्येकात थोडी वीज त्याच्या लोखंडी अंगावर झिरपते, ती अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जायची असते. इथं जायला वाट नव्हती. तीन स्क्रीन आणि एक डबा केबलींनी एकमेकांना बांधलेले, सगळ्यांची झिरप एकत्र, आणि जमिनीपर्यंत पोचायला एकच रस्ता: माझी मुलगी.

मी फ्रीजचा बोर्ड उघडला. वीतभर तुकडा. वॉशिंग मशीनचा, तसाच. गिझरचा, तसाच. बायको मागं उभी होती. चाकणकडच्या खेड्यातली ती, घाबरली की तिची तीच बोली बाहेर येते. "मी म्हनत व्हते ना, फ्रीज चावतोय," ती म्हणाली. राहायला आल्यापासून ती म्हणत होती, आणि मी फ्रीजपुढं रबराची चटई टाकून दिली होती. शेजाऱ्यांकडं उघडून बघितलं, वरच्या मजल्यावर बघितलं. सगळीकडं तेच, एकाच मापाचे तुकडे.

बिल्डरच्या ऑफिसात तोच हसणारा माणूस होता. मी तो तुकडा टेबलावर आपटला. तो म्हणाला, काम ठेकेदाराचं होतं. ठेकेदार कुठं, तर त्याचा ठेका संपला. तपासणी पास आहे, कागद आहेत, तुम्ही अर्ज द्या. मी आवाज चढवला तेव्हा वॉचमनला आत बोलावलं. या वेळी जिन्यातून परत बोलवायला कुणी आलं नाही.

आता मुलगी लॅपटॉपवर काम करते, तोही चार्जर काढून. तीन स्क्रीन टेबलावर काळे पडून आहेत. ती खोलीत कुठलीही वस्तू धरायच्या आधी बोटाच्या मागच्या बाजूनं हळूच टेकवून बघते, दाराची कडीसुद्धा. मी बघितलं की हात मागं घेते.

नववा लागला आहे. भिंती फोडून तारा ओढायला माणूस मिळेल, मी ओढून घेईन. पण खाली मीटरच्या खोलीतही मी बघून आलो, खालून वरपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला जमिनीत उतरणारी तारच नाही, ती मी एकटा कुठून आणू? थोड्या दिवसांत या घरात बाळाची अंघोळ होणार आहे. बाकीच्या घरांत तर आजही होते, गिझरच्या पाण्यानं, ओल्या फरशीवर.

तार विसरली असती तर मी चूक म्हटलं असतं. हे विसरलेलं नाही. कुणीतरी बसून हिरवी तार मोजून कापली, तुकडा तुकडा स्क्रूनं आवळला, आणि त्याला तसं करायला कुणीतरी सांगितलं. मला अर्ज द्यायचा नाही. ज्यानं सांगितलं त्यानं माझ्या घरी यावं, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहावं, तो स्टँड मुठीत धरावा, आणि माझ्या मुलीकडं बघून सांगावं की हे का केलं.