मशीन बंद होणार नाही, ताई

कल्पना करा, दिवसभर तुम्हाला दुसऱ्यांची नाकं खाजवायची आहेत. परळच्या एका रुग्णालयातली तंत्रज्ञ मनवा हे काम मन लावून करते. तिच्यासमोरचा दाता दोन्ही हातांना सुया टोचलेल्या, हात न हलवता चार-पाच तास पडून असतो. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे नवं रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, वेगळ्या होतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत जातं.

त्या मंगळवारी खाटेवर कॉटन ग्रीनची आकांक्षा होती. तिचा पाच वर्षांचा मुलगा लवू वरच्या मजल्यावर दाखल होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, तरी यकृताचा कर्करोग परतला होता. या कर्करोगावर दात्याच्या स्टेम सेल देणं हा नेहमीचा उपचार नाही. डॉक्टर एका अभ्यासात तो करून पाहत होते. आईच्या पेशी अर्ध्या जुळत होत्या. आता त्या पुरेशा मिळायला हव्या होत्या.

"उजवीकडे... जरा वर... हां!" आकांक्षा हसली. "नवऱ्याकडून पण एवढी सेवा नाय घेतली गो."

तासाभराने तिची बडबड थांबली. ती ओठ खांद्याला घासत होती.

"ताई, ओठांना मुंग्या येतायत?"

"माका काय होवक नाय."

"मग ओठ का पुसताय सारखे?"

आकांक्षाचे डोळे भरले. "सांगितलं तर तू मशीन बंद करशील. माझ्या लवूला कमी पडेल."

रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या औषधाने कॅल्शियम उतरतं, म्हणून मुंग्या येतात. मनवाने मशीनचा वेग कमी केला, सलाईनमधून कॅल्शियम सुरू केलं आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. "बंद नाही करत हो. थोडं हळू चालेल, एवढंच."

"मग आधी सांगायचंस ना, बाये!"

आता मनवा प्रत्येक दात्याला सुई टोचण्याआधीच सांगते, मुंग्या आल्या तर बोला, मशीन बंद होणार नाही.

संध्याकाळी प्रयोगशाळेतून आकडा आला. पेशी पुरेशा होत्या. ऐकून आकांक्षाने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "लवूच्या यकृतातल्या गाठीतलं काय उरलं असेल, तर माझ्या पेशी ते शोधून मारतील ना?"

रक्ताच्या कर्करोगात दात्याच्या पेशी हे करू शकतात, एवढं मनवा शिकली होती. यकृताचं तिला माहीत नव्हतं. तिने डॉक्टरांना विचारलं. "तेच तर पाहतोय आपण," ते म्हणाले.

लवूला पेशी देऊन आज एकवीस दिवस झाले. मनवा रोज वर जाऊन काचेतून त्याला पाहून येते. आईच्या पेशी ओळखतील का ती गाठ?