मेखांवरचा कम्प्युटर

मेंढरांना छावणी नव्हती. त्या दुष्काळात आमच्या भागात जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या, मांडव पडले, टँकर यायला लागले. आबा, म्हणजे माझे वडील, कळप घेऊन तिथं गेले तर दारावरच्या माणसानं लांबूनच हात हलवला.

"मोठी जनावरं असतील तर आणा. शेरडं-मेंढरं नाय घेत."

"यांला काय तहान लहान लागती व्हय?" आबांनी विचारलं.

तो माणूस हसला. आबा हसले नाहीत. कळप मागं फिरला.

आमचं गाव पाचोडच्या पलीकडं. जमीन नावाला, तीही माळाची. घर चालायचं मेंढरांवर. पावसाळा सरला की आबा आणि माय कळप घेऊन निघायचे. लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्या बदल्यात धान्य घ्यायचं, आणि पाऊस लागायच्या बेताला परत यायचं. मी चुलतीजवळ राहून शाळा शिकले. पण लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला तेव्हा रानात मेंढरानं तोंड लावावं असं काही राहिलं नाही, आणि ज्याच्या विहिरीत पाणी नाही तो मेंढरं बसवायला कशाला बोलावेल? रोज सकाळी मेंढवाड्यात एखादं मेंढरू उठायचं नाही.

शेवटी व्यापाऱ्याचा ट्रक आला. मेंढरं चढेनात. मेंढरू पुढच्याच्या मागं जातं, आणि पुढं जायला कुणी तयार नव्हतं. व्यापाऱ्याची माणसं पाय धरून ओढायला लागली तसे आबा म्हणाले, "थांबा, हात लावू नका." ते स्वतः फळीवरून ट्रकात चढले. मग सगळा कळप त्यांच्या मागं मुकाट चढला. आबांनी दुसऱ्या बाजूनं फाळक्यावरून खाली उडी टाकली. त्यापेक्षा वाईट काम आमच्या घरात कुणी केलेलं मला माहीत नाही.

कळप गेला, पण वाड्याचं सामान आबांनी ठेवलं. रात्री मेंढरांभोवती ताणायची जाळी, तिला आम्ही वाघर म्हणतो, आणि ती वाघर बांधायच्या बाभळीच्या मेखांचा भारा. मेखा आजोबांनी तासलेल्या. हातभर लांब, मनगटाएवढ्या जाड, वापरून वापरून काळ्याशार आणि गुळगुळीत झालेल्या. दसऱ्याला माय त्यांना हळदीकुंकू वाहायची. "एक पाऊस बरा झाला की चार मेंढ्या घेऊ," असं आबा म्हणायचे. पुढं शहरात आल्यावर चुलतेही गावाकडून तसाच निरोप धाडायचे.

भारा आणि वाघर घेऊन आबा आणि माय शहरात आले. तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. बीड बायपासला जिथं तिथं इमारती उठत होत्या, त्यातल्या एकीवर आबांना राखणदाराचं काम मिळालं. राहायला पत्र्याची खोली. साइटच्या पुढं मोठा बोर्ड होता, त्यावर निळाशार पोहण्याचा तलाव रंगवलेला. माय त्याच बोर्डाखाली टँकरच्या गळक्या नळीला हंडा लावून बसायची.

मी याच शहरात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या भावकीत दहावीच्या पुढं गेलेलं दुसरं कुणी नव्हतं. उन्हाळ्यात हॉस्टेलचं पाणी आटलं आणि वॉर्डननं सगळ्या मुलींना घरी जायला सांगितलं. लॅबही बंद झाली. सबमिशनची तारीख मात्र हलली नाही. तीन मजली इमारतीची सगळी ड्रॉइंग कम्प्युटरवर काढून द्यायची होती. दिली नाहीत तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं असतं तर मी परत कॉलेजात बसले नसते. हे मला ठाऊक होतं आणि आबांनाही. एका ऑफिसानं भंगारात काढलेला कम्प्युटर मी आदल्या सुट्टीत वाळूजच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करून घेतला होता. तो घेऊन मी पत्र्याच्या खोलीत आले.

वीज साइटची होती, म्हणून आबा आधी साइटच्या इंजिनिअर साहेबांना विचारून आले. साहेब म्हणाले, "लाव की." मगच मला प्लग लावू दिला.

दुपारी त्या खोलीत पत्रा असा तापायचा की वर चढलेली मांजर उडी मारून पळायची. कम्प्युटर अर्धा तास चालायचा आणि फट्‌कन बंद पडायचा. त्याच्या पत्र्याच्या डब्याला हात लावला तर भाकरीच्या तव्यासारखा. डब्याची एक बाजू काढून ठेवली, टेबलफॅन लावला, तरी तेच. सकाळी काढलेल्या भिंती दुपारी परत काढायच्या, असं चाललं होतं. मी डोकं गच्च धरून बसायचे आणि माय म्हणायची, "त्याचा जीव गुदमरतोय बाई, त्याला मोकळं कर."

तिचं बरोबर होतं. मी सगळं डब्यातून बाहेर काढलं. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क, सगळं. पण ठेवायचं कशावर? खाली सिमेंटची धूळ, फळी नाही, टेबल नाही. मायनं घडी घातलेली घोंगडी आणून अंथरली. आमच्यात पाव्हण्याला घोंगडीवर बसवतात, देवही घोंगडीवर मांडतात. घरात त्याहून चांगलं अंथरूण नव्हतं. मलाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. त्या दिवशी कम्प्युटर दुपारभर चालला, एकदाही बंद पडला नाही.

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या फटीतून ऊन बोर्डावर आलं म्हणून मी घोंगडी एका टोकानं धरून बाजूला ओढली. बोटाला चटका बसला, चट्‌ असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. परत लावला तर नुसता पंखा फिरायचा. मग माझ्या लक्षात आलं. लहानपणी कोरड्या हवेत घोंगडी अंगावरून ओढली की चटचट ठिणग्या उडायच्या, आम्ही पोरं मुद्दाम तो खेळ खेळायचो. तीच ठिणगी होती. आणि त्या उन्हाळ्यात हवेत ओल अशी नव्हतीच.

पैठण गेटकडच्या एका गल्लीत जुने कम्प्युटर विकणारे एक चाचा बसायचे. बोर्ड कागदात गुंडाळून, लागला तर असावा म्हणून रिकामा डबा काखेत मारून मी तिथं गेले.

"किस पे रखे थे इसको?" त्यांनी विचारलं.

"घोंगडीवर."

"या अल्ला! गर्मी के दिनां में कंबल? मरेंगाच ना बेचारा!" शेजारचा दुकानदारही हसायला लागला. पण चाचांनी दुसरी रॅम लावून पाहिली. बोर्ड जिवंत होता, गेली होती ती रॅमच.

नवी घ्यायची माझी ऐपत नव्हती. चाचांची नजर डब्यावर होती. "डब्बा दे दे, पुरानी रॅम ले जा."

"फिर रखूँ किस पे?"

"लकडी पे रख. जगह छोड के, नीचे से भी हवा जाने दे."

डबा देऊन आले. आता मागं फिरायची सोय राहिली नाही.

लाकूड मात्र डोळ्यांसमोर होतं. साइटवर स्लॅबच्या प्लायवूडच्या थप्प्या लागलेल्या, कोपऱ्यात तुकड्यांचा ढीग. मी एक तुकडा उचलून खोलीकडं निघाले तर आबांनी वाट अडवली.

"ठेव तिथं."

"आबा, तुकडा आहे. जाळायलाच जाणार."

"जळू दे. मालकाचा हाय."

"मग साहेबाला विचारा. विजेला विचारलं तसं."

"एकदा मागितलं. रोज मागणाऱ्यानं राखण कशाला करावी?"

मला संताप आला. तोंडातून निघून गेलं, "मग इथं तुमचं असं काय आहे?"

मी तुकडा ढिगावर टाकला. संध्याकाळी ते खाटेखाली वाकले आणि मेखांचा भारा ओढून माझ्यापुढं ठेवला.

माय चुलीपासनं उठून आली. "मेखा? आन् मेंढरं आणल्यावर वाघर कशाला बांधायची, माझ्या डोसक्याला?"

"आणल्यावर बघू."

"आणायची नायती, असं सांगा की सरळ."

आबांनी दोरी सोडली. "तुझं माप सांग, बाई," ते मला म्हणाले.

मी कागदावर काढून दाखवलं. चार पाय, वर दोन आडव्या दांड्यांवर बोर्ड, खाली आणखी दोन, त्यावर पॉवर सप्लाय, बाजूला हार्ड डिस्क. भिंती नाहीत, झाकण नाही. आबांनी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा. करवत सुताराकडून मागून आणली. हत्यार परत देता येतं, म्हणून ते मागायला त्यांना हरकत नव्हती. पहिली मेख कापताना त्यांनी करवत लाकडावर ठेवली आणि बराच वेळ तशीच धरून बसले. मी म्हटलं, "द्या, मी कापते." त्यांनी दिली. सगळ्या मेखा मीच कापल्या.

बाभळीत खिळा शिरेना, वाकायला लागला. मग मी सळईचा तुकडा चुलीत लाल करून भोकं पाडली. सळई आत गेली तसा धूर निघाला, आणि त्या धुरात मेंढरांच्या अंगाचा वास होता. इतकी वर्षं त्यांनी त्या मेखांना अंग घासलं होतं. माय पदर नाकाला लावून बाहेर गेली. आबा तिथंच बसून राहिले. सांधे त्यांनी वाघरीची दोरी कापून आवळले, वाडा बांधतानाची गाठ मारून. लाकडाला बोर्ड टेकू नये म्हणून मी जुन्या चपलेच्या रबराच्या चकत्या कापून स्क्रूखाली घातल्या. चौकट हलवून पाहिली. जरा लंगडत होती. एका पायाखाली रबराची आणखी एक चकती गेली.

चालू करायचं बटन डब्याबरोबर गेलं होतं. बोर्डावरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं की तो चालू व्हायचा. पहिल्यांदा लावलं तेव्हा शॉक बसेल म्हणून आबांनी माझा हात मागं ओढला. पंखा फिरला, पडदा उजळला.

साइटवरच्या बाया बघायला आल्या. गवंड्याची बायको म्हणाली, "अगं बया, याची आतडी बाहेर कशी?"

"उन्हाळा हाय, कापडं काढून बसलंय," मायनं सांगितलं. चौकट बांधल्यापासून ती पहिल्यांदाच काही बोलली होती.

तो बंद पडला नाही. धूळ लई बसायची, मी रोज सकाळी रंगाच्या नव्या ब्रशनं झाडायचे. दुपारी आबा दारात बसायचे आणि कुणाची कोंबडी आत शिरली की हाकलायचे. एकदा विचारलं, "या रेघा म्हणजे भिंती व्हय?" मी भिंत दाखवली, जिना दाखवला. "राखणदाराची खोली कुठं हाय?" म्हणाले. ड्रॉइंगमध्ये ती नव्हती. मी काढली.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. चुलत्यांनी मेंढ्या घेतल्या आणि निरोप धाडला. आबा गेले नाहीत. उरलेल्या मेखांत वाडा उभा राहिला नसता. लाकडं ओली होती त्या दिवसांत मायनं त्या चुलीत घातल्या, आणि भाऱ्यातून एकेक काढून आबांनीच तिच्या हातात दिली.

सबमिशन मी पावसाआधीच, तारखेच्या आत केलं होतं. सगळी ड्रॉइंग त्या चौकटीवरच्या कम्प्युटरवर, माझ्या हातची. मी सिव्हिल इंजिनिअर झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.